खराब, धुवू नये

६ जानेवारी

मामा,

पाकिटावर घराऐवजी दुकानाचा पत्ता बघून चक्रावला असशील. घरी पाठवलं असतं तर आईने तुझ्याआधी फोडलं असतं. फोन केला असता तर तुला ऐकू येत नाही म्हणून तिनेच घेतला असता. तेव्हा तिच्या नकळत तुझ्याशी बोलायचं तर दुकान आणि टपाल एवढाच मार्ग उरतो. घाबरू नकोस, मी कोणाबरोबर पळून जात नाहीये. गेले तरी या वयात कोणी अडवणार नाही.

मला एक काम मिळालंय. मोठ्या बाईंच्या शेवटच्या मैफलीची फिल्म. तुला काय सांगायचं, ध्वनिमुद्रण तुझंच. पस्तीस वर्षं ती अर्धवट पडून होती. निर्माते गेले, आता त्यांच्या मुलीने सगळे डबे बाहेर काढून संकलन माझ्याकडे दिलंय. पूर्वार्धात बाई राग गातात, उत्तरार्धात वाद्यवृंदाबरोबर लोकांच्या तोंडी असलेली साधी गाणी, आणि दोन्हीकडे चेहरा तोच, कुठे उतरून आल्याचा भाव नाही. इतकी चांगली फिल्म माझ्या हातात यापूर्वी आलेली नाही.

गोची आहे ती शेवटच्या गाण्याची. आवाज आहे, ती तबकडी तर घरोघर वाजली. चित्र नाही. मागच्या कॅमेऱ्याची फिल्म गाणं सुरू झाल्यावर चार मिनिटांत संपली. पुढचा कॅमेरा बाबांचा, आणि बाबांनी ते गाणं घेतलंच नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. काही महिन्यांत मोठ्या बाई गेल्या, गाणं परत घेता आलं नाही, फिल्म अडली, आणि बाबा आयुष्यभर ओळखपत्रांचे फोटो काढत बसले.

आता नीट वाच. चौदा नंबरच्या डब्यावर बाबांच्या अक्षरात ‘खराब, धुवू नये’ असं लिहिलेलं होतं. प्रयोगशाळेतल्या लोकांनी ते न वाचता सगळ्या डब्यांतली फिल्म सरसकट रसायनात धुतली. चौदा नंबरमधून अकरा मिनिटांचं अख्खं रीळ निघालं, थोडं धुरकट. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मुलीचा चेहरा आहे. पहिली रांग, टोकाची खुर्ची, खांबाजवळ. मामा, ती आई आहे. जी आई म्हणते की ती त्या मैफलीला गेलीच नव्हती आणि तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

फेब्रुवारीअखेर फिल्म द्यायची आहे. शेवटच्या गाण्यावर लावायला माझ्याकडे या चेहऱ्याशिवाय काही नाही, आणि गाणं वगळलं तर फिल्मला शेवटच नाही. हा काय प्रकार आहे?

तुझी टकळी


१२ जानेवारी

चि. टकळे,

काम चांगलं मिळालं, अंगावर घेऊन कर, रात्रीची जागरणं करू नकोस.

ती मुलगी तुझी आई नव्हे. त्या काळी सगळ्या मुली तशाच दिसायच्या, केस बांधायचा प्रकार एकच होता. सभागृहात सातशे माणसं होती, त्यांत एखादी तुझ्या आईसारखी असणारच. तुझ्या बाबाचा कॅमेरा चुकून तिकडे वळला असेल, मग ओशाळून त्याने डब्यावर खराब लिहिलं असेल. बिचारा गेला, त्याच्यामागे त्याच्या चुका उकरण्यात काय अर्थ आहे?

शेवटच्या गाण्यावर काळा पडदा ठेव आणि नुसता आवाज लाव. चांगल्या आवाजाला चित्र लागत नाही.

तुझी आई मजेत आहे. आज मला बरंच काही बोलली, सुदैवाने ऐकू आलं नाही. दुकानात एक जुना रेडिओ दुरुस्तीला आलाय. तो वाजतो की नाही हे मला शेजारच्या शिंप्याला विचारावं लागतं. धंद्यात मला तिखटकान्या म्हणायचे हे त्याला सांगितलं, तर तो हसला.

मामा


१७ जानेवारी

मामा,

तुझं पत्र वाचून मी आणखीच गोंधळले. आपल्या आईचा चेहरा मला ओळखू येत नाही? डाव्या भुवईत केस नसलेली रेघ आहे, तू तिला झोपाळ्यावरून पाडलंस तेव्हाची. सातशे जणांत तू कितीजणींना पाडलं होतंस?

आधी मला वाटलं, हे दुसऱ्याच कुठल्या गाण्याच्या वेळचं असेल. आमच्यात चित्र आणि आवाज जुळवायला पाटी आपटतात, या रिळाला पाटी नाही. पण सहाव्या मिनिटाला आईच्या मागचा एक जाडा गृहस्थ सणसणीत शिंकतो, आणि ती शिंक तुझ्या ध्वनिफितीवर आहे. तिच्यावर बोट ठेवून मी दोन्ही जुळवलं. शेवटचंच गाणं आहे. म्हणजे बाबा मोठ्या बाईंकडे पाठ फिरवून आईकडे बघत होते, लग्नाच्या वर्षभर आधी. आपले बाबा, ज्यांनी मला कधी ‘छान दिसतेस’ म्हटलं नाही, फक्त ‘हनुवटी खाली घे’ म्हटलं. मी हसले, मग दार लावून रडले, मग ठरवलं की फिल्मचा शेवट हाच. गाणं बाईंचं आणि चेहरा ऐकणारीचा.

पण तो चेहरा मला कळत नाही. एक तर आई रंगमंचाकडे बघतच नाही. डावीकडे, बाजूच्या पडद्यामागे बघत असते, पापणी न लववता. दुसरं, सुरुवातीची काही मिनिटं मांडीवर तिची बोटं चालू असतात. कधी दोन वर, कधी एक, कधी मूठ. मी तालाशी ताडून बघितलं, एक बोट समेवर पडेल तर शपथ. आई बेताल आहे म्हणावं, तर घरात कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ती तालात मोजते.

पडद्यामागे कोण होतं? वाद्यवृंदातला कोणी? म्हणजे बाबा आईकडे बघतायत आणि आई तिसऱ्याच कोणाकडे, असं आहे का? असलं तर सांग, मी लहान नाही.

टकळी


२२ जानेवारी

चि. टकळे,

पडद्यामागे तसलं कोणी नव्हतं. आईबद्दल भलतं मनात आणू नकोस.

ते रीळ लावू नकोस. तिच्या बोटांचं काय घेऊन बसलीस, घाबरली की माणूस बोटं हलवतो. निर्मात्यांच्या मुलीला दाखवलंस का? दाखवलं नसशील तर दाखवू नकोस. हात जोडून सांगतो, त्यावर पुन्हा खराब लिही आणि डबा परत ठेवून दे.

मामा


२८ जानेवारी

मामा,

तुझ्या पहिल्या पत्रात ती आई नव्हती. आता ती घाबरलेली आई आहे. पुढच्या पत्रात काय होणार?

मी काय केलं ते सांगते. तालाचा नाद सोडला आणि प्रत्येक बोटानंतर आवाजात काय होतं ते ऐकत बसले. आईची दोन बोटं वर जातात आणि पुढच्या क्षणाला बाईंचा गळा व्हायोलिनांतून वर येतो. एक बोट, तबला मागे सरतो. मूठ, सगळं आहे तिथे राहतं. एकवीस वेळा बघितलं, एकवीस वेळा तसंच. बाईंच्या गाण्यावर आईची बोटं पडत नाहीत. आईच्या बोटांवर आवाज चालतोय.

मग मागच्या कॅमेऱ्याचं रीळ काढलं. डावीकडच्या पडद्याच्या फटीत यंत्राचे दोन लाल दिवे आहेत आणि एक कोपर. शर्टाची बाही दुमडलेली, अगदी तू दुमडतोस तशी. आणि आई, जी कपाळावर एक बट येऊ देत नाही, तिने त्या दिवशी डाव्या कानावर केस सोडलेत. केसांतून काहीतरी बारीक, काळं खाली उतरतं. मला ती वायर वाटते.

मला काहीतरी कळल्यासारखं वाटतं आणि ते मला नको आहे. तूच सांग.

टकळी


३ फेब्रुवारी

चि. टकळे,

चार पत्रं फाडली. हे फाडत नाही.

मैफलीच्या आधी चार महिने मला ताप आला होता. त्यात डावा कान पार गेला, उजव्यातून उंच सूर येईनासे झाले. व्हायोलिनं नुसती हलताना दिसायची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, नाव नुकतंच होऊ लागलं होतं. ध्वनिमुद्रकाने कान गेले म्हणून सांगायचं कोणाला? आणि मोठ्या बाईंचं काम चालून आलं. पाच मायक्रोफोन होते. कोणाचा आवाज किती घ्यायचा ते जागच्या जागी ठरवायचं, नंतर दुरुस्ती नाही. यंत्रावरचा काटा एकूण आवाज दाखवतो, कोण कोणाखाली दबलंय ते दाखवत नाही. त्याला कानच लागतो.

तुझ्या आईचा कान घरात सगळ्यांत चांगला. ती नाही म्हणते, पण मी तसा कान धंद्यातही पाहिला नाही. आठवडाभर आम्ही घरी रेडिओ लावून खुणांचा सराव केला. दोन बोटं म्हणजे गळा वर, एक म्हणजे तबला खाली, मूठ म्हणजे हलवू नको. यंत्रापासून तिच्या कानापर्यंत वायर नेली, गालिच्याखालून. खांबाजवळची ती खुर्ची मीच धरून ठेवली होती. त्या तबकडीतलं जे लोक अजून वाखाणतात ते तिचं आहे. मी फक्त तिच्या बोटांकडे बघून बटणं फिरवली. पुढे मी सगळी कामं स्टुडिओत घेतली. तिथे सहायक असतात, त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं की ते आपसूक चूक शोधतात. अशी माझी कारकीर्द.

आता तुझ्या बाबाचं. मैफल संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “फिल्म अडकली, शेवटचं गाणं गेलं.” एवढंच. निर्माते सगळ्यांसमोर त्याला वाटेल ते बोलले, तो खाली मान घालून उभा. पुढे त्याला कोणी काम दिलं नाही. आठ महिन्यांनी त्याने माझ्याकडे तुझ्या आईचा हात मागितला. हातात काम नसलेला माणूस, मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, याचा कॅमेरा समोरच होता, याने बघितलंय, नाही म्हटलं तर बोलेल. मी तिला सांगितलं, हो म्हण.

टकळे, मी माझं नाव राखायला बहीण दिली. तो अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारी बसून जेवला, माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही, आणि मी प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, हा गप्प राहण्याचा मोबदला वसूल करतोय. खरं काय ते विचारायचा धीर झाला नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा दुकानाचं दार ओढून बसलो. इतकी वर्षं वाटायचं, त्याला कदाचित माहीत नसेल. आता कळलं, त्याच्याकडे डबाभर पुरावा होता.

तुला काय करायचं ते कर. निर्मात्यांच्या मुलीला सांगितलंस तरी मी काही म्हणणार नाही. आईला मात्र यातलं काही कळवू नकोस.

मामा


८ फेब्रुवारी

मामा,

तीन दिवस तुझा राग राग केला. चौथ्या दिवशी परत ते रीळ लावलं. बाबांशी मला कधी धड बोलता आलं नाही, पण त्यांनी चौकट कशी धरली ते मला वाचता येतं. पोट त्यावरच भरते.

पहिली साडेतीन मिनिटं चौकटीत चेहराही आहे आणि हातही. मग आई दोन बोटं वर करते, आणि कॅमेरा हाताकडे थोडा खाली येतो. तिथे तो थांबतो. मी मोजलं, पाच सेकंद हलत नाही. त्यांना त्या क्षणी कळलंय, मला शंका नाही. तुला पकडायचं असतं तर तिच्या नजरेच्या मागे कॅमेरा वळवायचा होता, पडद्याच्या फटीत तू होतासच. कोणीही वळवला असता. मी वळवला असता.

बाबा वर गेले आणि चेहऱ्याच्या जवळ गेले. इतके, की हात चौकटीबाहेर राहिला. पुढची सात मिनिटं हात दिसत नाही, मामा, एकदाही नाही. पुरावा गोळा करणारा माणूस असं करत नाही. हा माणूस झाकतोय.

एवढं मला कळलं. बाकी काही कळत नाही. झाकायचं होतं तर कॅमेरा सरळ मोठ्या बाईंकडे न्यायचा. गाणं अर्ध्याहून जास्त बाकी होतं, नोकरी वाचली असती. तिथेच का राहिले? आणि रीळ नको होतं तर उजेडात उघडलं असतं की काम झालं होतं. ‘धुवू नये’ लिहून डब्यांत नीट ठेवलं कशाला? स्वतःही कधी बघितलं नाही. मी रोज या प्रश्नांनी डोकं पिकवून घेते आणि रोज नवीन उत्तर येतं.

राहिलं फिल्मचं. पहिली चार मिनिटं मागच्या कॅमेऱ्याची लावता येतील, नंतर नुसता चेहरा. बोटं कोणाला दिसणार नाहीत, तुझं नाव आहे तिथे राहील. नाहीतर पहिल्यापासून हेच रीळ, हातासकट. मग धंद्यातला कोणीही दहा मिनिटांत ओळखेल. मला ठरवता येत नाही आणि मी ठरवूही नये. हात आईचा आहे, तिला विचारायला हवं. ते मी करणार नाही. ते तू करायचंस.

टकळी


१६ फेब्रुवारी

बाळ,

काल दादाने तुझी सगळी पत्रं माझ्यापुढे ठेवली, त्याने तुला काय काय लिहिलं ते सांगितलं आणि दुकानात जाऊन बसला. सुट्टीचा दिवस होता, तरी जाऊन बसला.

पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. मामा-भाचीने माझ्या लग्नाचा पंचनामा केलात आणि मला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. दादाला वाटतं, त्याने मला दिली. मला कोणी दिली नाही. त्याने ‘हो म्हण’ म्हणायच्या आधी आठ दिवस मी तुझ्या बाबांना हो म्हटलं होतं, त्यांच्या घराच्या जिन्यात. दादाला विचारलं ते वडीलधारा म्हणून. हे मी दुकानात जाऊन त्याला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. त्याने तो कागद खिशात ठेवला आणि कितीतरी वेळ रडला. इतकी वर्षं असलं ओझं घेऊन माझ्याच हातचं जेवत होता, मूर्ख.

दुसऱ्यांदा वाचली तेव्हा राग उरला नाही. मी तुझ्या बाबांना काय काय बोलले ते तू लहानपणी ऐकलंयस. समोरचं सोडून भलतीकडे बघायची सवय, म्हणून ही वेळ आली. पाहुण्यांसमोर बोलले, तुझ्यासमोर बोलले. ते म्हणायचे, “हो, चुकलंच,” आणि पुढ्यातले फोटो कापत राहायचे. त्या संध्याकाळचं मी त्यांना सांगितलं नाही, कारण दादाची गोष्ट उघडी पडली असती. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं असणार, माझी उघडी पडेल. अठ्ठावीस वर्षं आम्ही एका घरात एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली. आणि त्यात मी त्यांना टोमणे मारले. हे मला आता कोणापाशी जाऊन फेडता येणार नाही.

कळल्यावर ते मोठ्या बाईंकडे का वळले नाहीत, असं तू विचारतेस. मला माहीत नाही. जिन्यात मी त्यांना विचारलं होतं की मीच का. तेव्हा ते म्हणाले, “तू लक्ष देतेस.” मला वाटलं, घरकामाकडे. मी हसले होते.

ते गाणं मी ऐकलेलं नाही. गळा, तबला, गळा, मूठ, एवढंच ऐकलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते आणि मी मनात ताडत होते की शेवटची मूठ वेळेवर सोडली का. पुढे ते कुठे लागलं की मी उठून जायचे, चूक ऐकू येईल म्हणून. तुम्हाला सांगायचे, मला गाण्यातलं कळत नाही.

रीळ पहिल्या मिनिटापासून लाव, हातासकट. दादाचंही तेच म्हणणं आहे. त्याची चिठ्ठी सोबत जोडते. ध्वनिमुद्रणाखाली त्याने आधी माझं नाव लिहिलंय, मग स्वतःचं. मी खाडाखोड केलेली नाही. छायाचित्रणाखालून निर्मात्यांनी तुझ्या बाबांचं नाव काढलं होतं, ते घाल.

पण लोकांना दाखवायच्या आधी मला दाखव. पडद्यावर मी दिसेन हे मला ठाऊक आहे. मी मला बघायला येत नाही. त्या वेळी अकरा मिनिटं दादाकडे बघत राहिले, एकदाही मान वळवली नाही, आणि ते तिथेच उभे होते. आता वळवते.

पुढच्या मंगळवारी सकाळी येते. दादाला आणत नाही. खुर्ची एकच ठेव.

आई